माझ्या हातातली तोरणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, देवापुढे तर मुळीच नाही – कारण प्रकरण त्याच्याच काठीचं आहे. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? बहुतेक नसतं.

आमचं गाव पन्हाळा तालुक्यात, कोडोलीपासून सायकलनं अर्ध्या तासावर. चैत्राच्या यात्रेला गावाची सासनकाठी जोतिबाच्या डोंगरावर जाते आणि ती धरायचा मान आमच्या घराचा. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाळीसेक फुटांचा एक वेळू, त्याला निशाणाचं कापड, टोकाला तुरा. एकच माणूस तिचा बुडखा कमरेच्या पट्ट्यावर घेतो, ती उभी तोलतो, चालतो, हलगीवर नाचवतोसुद्धा. चारी बाजूंना वरून सोडलेले चार दोर असतात. त्यांना तोरण्या म्हणतात. चार माणसं त्या ताणून धरतात आणि काठी कलायला लागली की आवरतात. पण तोरण्या नावाला, खरा तोल मधल्या माणसाचा.

तो मधला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, रंगूदादा. धंद्यानं वायरमन. विजेच्या खांबावर चढायचा, विहिरीत उतरून पाण्याच्या मोटारी बसवायचा. खांबावर उभा राहून दोन्ही हात सोडून बिडी पेटवायचा असा गडी. काठी त्याच्या अंगावर आली की तोरणीवाल्यांना कामच उरायचं नाही. मागची डावी तोरणी माझ्याकडे असायची. गावात मला कुणी दिनकर म्हणत नसे, रंग्याचा भाऊ म्हणत.

मग दारू. कशी लागली ते सांगत बसत नाही. ज्याच्या शेतात मोटार चालू व्हायची तो खुशीनं बाटली पुढं करायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. सात-आठ वर्षांत दादा सकाळी चहाआधी प्यायला लागला. हात थरथरू लागले. पुढं पुढं, न पिता चालतानासुद्धा पाय फाकून टाकायचा, जणू पायाखाली बैलगाडी चालू आहे. एका वर्षी यात्रेआधी भावकी बसली होती तिथं तो स्वतःच आला आणि म्हणाला, “औंदा दिनूला द्या काठी. माझं पाय माझं ऱ्हायलं न्हाईत. देवाची काठी पाडायची न्हाय मला.” कुणी मागितलं नव्हतं. त्यानं आपणहून दिलं.

त्या वर्षापासून सलग चार चैत्र काठी माझ्याकडे आली. खरं सांगू? मला फार आवडलं. काठी घराबाहेर निघते तेव्हा बायका ती धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात. सासरवाडीची माणसं मुद्दाम आली होती. दादासारखी मला ती कधीच साधली नाही, तोरणीवाले घामाघूम व्हायचे. पण लोक आता मला दिनकरराव म्हणायचे. माणूस एवढ्याशा गोष्टीवर भाळतो का? मी भाळलो.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. एका उन्हाळ्याच्या शेवटी दादा घराच्या दोन पायऱ्यांवरून पडला आणि उठताच येईना. मी त्याला एम-एटी स्कूटरवर मागं बसवलं, पडू नये म्हणून चादरीनं माझ्या पोटाशी बांधलं आणि कोल्हापुरात एका डॉक्टरांकडे नेलं. हे मी केलं, आणि मनापासून केलं. पुढचं ऐकताना तुम्ही ते वजा कराल, तर करा.

पहिला आठवडा वाईट गेला. अंगाला दरदरून घाम, भिंतीवर मुंग्या दिसायच्या, मेलेल्या आमच्या बापाशी तो बोलायचा. सलाईन, व्हिटॅमिनची इंजेक्शनं, झोपेची औषधं. आठव्या दिवशी त्यानं मला ओळखलं आणि भात मागितला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं आणि डोक्याचं एक चित्र दाखवलं. मागं, मानेच्या जरा वर, एक भाग असतो. तोल तो सांभाळतो. दारूनं तो आकसतो. दारू पुरती बंद राहिली तर बराचसा पुन्हा भरून येतो – पण आठवड्यात नाही, महिने लागतात, वर्षही लागेल. झोप आधी सुधारेल, मग लक्ष, मग आठवण, तोल त्याच्या चालीनं येईल. आणि सगळ्यात शेवटी, वळताना लागणारा तोल. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

त्यांनी एक व्यायाम सांगितला. सरळ रेघेवर, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावून चालायचं, रोज. दवाखान्यातल्या फरशीच्या सांध्यावर दादाला चार पावलं जमली नाहीत. घरी आल्यावर आम्ही शेताच्या बांधावर सुरू केलं. तो पुढं, मी मागं हात पसरून. पहिल्या महिन्यात तो किती वेळा उसात पडला त्याला गणती नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी विसरायचा. पाना हातात घेऊन उभा राहायचा, कशाला घेतला ते आठवायचं नाही. चिडायचा, रडायचा. पण प्यायला नाही.

आणि मग हळूहळू माणूस परत यायला लागला. हे मी रोज, जवळून पाहिलंय. तिसऱ्या महिन्यात हाताची थरथर गेली. पाचव्या महिन्यात त्यानं वहिनीला आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि ती माऊली पदर डोळ्याला लावून हसली. गावातल्या कुठल्या विहिरीत किती पॉवरची मोटार आहे, कुठली किती वेळा जळली, सगळं त्याला पुन्हा सांगता यायला लागलं. दिवाळीनंतर तो अख्खा बांध चालून गेला. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस म्हणाला, “दिन्या, डोळं झाकून बघू का?” झाकले. टाचेला चवडा लावत बारा पावलं गेला, वळला, डोळे मिटलेलेच, आणि परत आला. माझ्यासमोर उभा राहून हसला.

मला आनंद झाला. खोटं नाही सांगत. आणि त्याच क्षणी मला डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य आठवलं – वळताना लागणारा तोलही आला होता. हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. त्याला त्याचा अर्थ कळला नसेल. मला कळला.

फाल्गुनात भावकी बसली. आमचे चुलते, आबा, घरातले सगळ्यात वडीलधारे. ते म्हणाले, “रंग्या सुधारलाय. मान त्याचा हाय, त्याला द्या.” कुणीतरी शंका काढली – दारूनं डोकं गेलेला माणूस, डोंगरावर एवढी गर्दी, काठी लोकांच्या अंगावर आली तर? मग ठरलं की रंगपंचमी झाली की तालमीमागच्या मोकळ्या जागेत साधा वेळू उभा करायचा आणि दादानं तो घेऊन एक फेरी मारायची. पेलली तर मान त्याचा. मी सगळ्यांआधी मान डोलावली.

आता मी जरा थांबतो. इथवर हे मी कितीतरी वेळा मनात लिहिलंय, आणि दरवेळी इथं येऊन दुसरंच काहीतरी काढलंय.

संध्याकाळी पाचच्या सुमारास वेळू उभा केला. भावकीतले तीस-चाळीस जण असतील. निशाण नव्हतं, पण तोरण्या बांधल्या होत्या. मागची डावी माझ्याकडे, पूर्वीसारखीच. दादानं पट्टा बांधला, मातीला हात लावला, बुडखा कमरेवर घेतला. पहिली दोन पावलं जड पडली. मग काठी त्याच्या अंगावर बसली. मी वर बघितलं – टोक हलत नव्हतं. चार वर्षं माझ्या कमरेवर ते एक क्षण स्थिर राहिलं नव्हतं. आबांनी चांगभलं म्हटलं. दादा तालमीच्या कोपऱ्याशी आला आणि डावीकडे वळला, आणि काठी समोरच्या उजव्या अंगाला कलली, कलतच गेली, आणि तालमीच्या पत्र्यावर आडवी झाली.

माझा हात घसरला. हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. नवा दोर होता, काथ्याचा, घाम आला होता. वळताना मागची डावी तोरणी ताणलेली लागते आणि नेमकी तेव्हाच ती निसटली.

घसरला नव्हता. मी दोर सोडला. बोटं उघडली, एवढंच. वीतभर दोर गेला असेल. मग काठी कलल्यावर मीच झटकन पुन्हा आवळला आणि मागं ओढला, म्हणून ती माणसांवर न पडता पत्र्यावर गेली. कुणाला कसं दिसलं नाही? सोपं आहे. काठी उभी असताना झाडून सगळे टोकाकडे बघतात. तोरणीवाल्याच्या हाताकडे कोण बघणार?

तेही पुरतं खरं नाही. पुरतं खरं असं की मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. गोठ्यात धार काढत होतो, दूध चरवीत पडत होतं आणि मी हिशेबी डोक्यानं विचार करत होतो, की सरळ चालताना सोडली तर दादा सावरेल. वळताना सोडायची. कारण वळताना पडली की लोक म्हणतील, डोकं अजून पुरतं आलेलं नाही. डॉक्टरांनी त्याला बरं करायला मला जे सांगितलं होतं, ते मी असं वापरलं. ते चित्र, तो मानेवरचा भाग, सगळं मला नीट पाठ होतं.

तुम्हाला वाटेल एवढ्यावर संपलं. एका यात्रेचा मान गेला, पुढच्या वर्षी बघता आलं असतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आमच्याकडची माणसं कशी आहेत ते मी हिशेबात धरलं नव्हतं, आणि मीही त्यांच्यातलाच. काठी पडली ती कुणी दादाची चूक मानली नाही. कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, पडलेल्या वेळूला नमस्कार केला. काठी पडणं म्हणजे कौल. देवानं त्याला नको म्हटलं होतं.

दादा तालमीच्या भिंतीला टेकून बसला होता. मी जवळ गेलो तर मलाच म्हणाला, “तू वढून धरलीस म्हणून बरं झालं लेका. न्हाईतर कुणाच्या तरी डोसक्यात गेली असती.” मी त्याला पाणी दिलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघेच बांधावर होतो. तो चालला नाही, नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “डॉक्टर म्हंत्यात डोकं भरून येतंय. माझंबी आलंय असं वाटत हुतं. खरंच येतंय व्हय रं सगळ्यांचं?” इथं मला सगळं परत घेता आलं असतं. काठीचं नाही सांगितलं तरी चाललं असतं – नुसतं ‘येतंय दादा, तुझं आलंय’ एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, “सगळ्यांचं न्हाय येत. डॉक्टर धीर द्यायला बोलत्यात.”

तोरणी सोडली ती मत्सरापोटी. ते मला कळतं, त्याला नाव आहे. पण हे वाक्य कशापोटी होतं? काठी तर मला मिळालीच होती. मी खूप शोधलं. सापडलं एवढंच, की तो बरा आहे हे त्याला कळलं तर त्या कोपऱ्यावर काय झालं याचा तो विचार करायला लागेल, अशी मला भीती वाटली.

त्या दिवसानंतर दादा बांधावर आला नाही. खांबावर चढणं त्यानं सोडलं. विहिरीत उतरणं सोडलं. घरातच एक खोली करून जळालेल्या मोटारी भरायला बसला – जमिनीवर मांडी घालून तांब्याच्या तारा गुंडाळत. काम चोख. पंचक्रोशीतून मोटारी येतात. हाताला, नजरेला, आठवणीला काही झालेलं नाही. पण चालताना भिंत धरतो. भिंत नसेल तिथं माझा खांदा धरतो. लग्नाला, मयताला, डोंगराच्या पायऱ्यांवर, दादाचा उजवा हात आणि माझा डावा खांदा. गावात लोक आमचं उदाहरण देतात, भाऊ असावा तर असा.

आणि तो पुन्हा प्यायला नाही. हे मला सगळ्यात जड जातं. प्यायला असता तर मी त्या दारूमागं लपलो असतो. देवानं नको म्हटलंय असं मानूनही तो एक थेंब न घेता राहिला. वहिनीनं एकदा त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, “देवानं काठी न्हाय दिली, पर झोप दिली की.”

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दादाला एकदा उन्हात चक्कर आली, वहिनी घाबरली, म्हणून मी त्याला पुन्हा कोल्हापुरात नेलं. आता डॉक्टर दुसरे होते, तरुण. त्यांनी डोक्याचा स्कॅन काढला, ब्लडप्रेशर पाहिलं, मग फरशीवर टाचेला चवडा लावून चालायला लावलं. दादा चालला. डोळे मिटून उभा राहिला, वळला, परत आला. डॉक्टर म्हणाले, चक्कर उन्हाची होती, ब्लडप्रेशरची गोळी घ्या, तोल माझ्यापेक्षा चांगला आहे तुमचा. दादा कसनुसा हसला आणि म्हणाला, “खोलीत येतंय डॉक्टर. काठीखाली कळतंय खरं काय ते.” आणि बाहेर पडताना दारातच त्यानं माझा खांदा धरला. डॉक्टरांनी ते बघितलं. मला थांबवून विचारलं, हे असं कधीपासून धरतात? दारू सुटायच्या आधीपासून की नंतर? मी म्हणालो, आधीपासून. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

काठी मी आणखी बरीच वर्षं धरली. साधली कधीच नाही. गेल्या चैत्राआधी माझ्या कमरेनं जवाब दिला, तेव्हा भावकीनं ती पुतण्यांकडे द्यायचं ठरवलं. आबा आता नाहीत, म्हणून बैठकीत वडीलकीच्या जागेवर दादा बसला होता. नारळ माझ्या हातात देताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, “माझं डोस्कं गेलं, पर घराचा मान दिनूनं जाऊ दिला न्हाय.” मी खाली बघत राहिलो. लोकांना ती नम्रता वाटली.

झालं, एवढंच होतं. दादाचं डोकं गेलेलं नाही. ते दारू सुटल्यावर आठ-नऊ महिन्यांत परत आलं होतं आणि तेव्हापासून एक दिवसही कुठं गेलेलं नाही. त्याचं वय आता पंचावन्न. आज सकाळी डेअरीत दूध घालायला आम्ही दोघं बरोबर गेलो. रस्ता सपाट आहे, डांबरी. घराची भिंत संपली तिथं त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पाऊल हळू केलं.